भिंतीला थंडी वाजत नाही

मी, अलिशिबा शांतवन उजागरे, वय सत्त्याहत्तर, धंदा पूर्वी शिवणकाम व आता दुसऱ्यांच्या शिवणकामात चुका काढणे, राहणार इंदापूर, आज आपल्याच घरात, आपल्याच खाटेवर बसून, हातपाय व जीभ चालू असताना, माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय करायचे ते लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दाब नाही. रक्ताचा आहे, त्याची गोळी सकाळी घेतली आहे. नशापाणी केलेले नाही. डॉक्टरांनी बंद केलेला साखरेचा चहा मात्र प्यायले आहे, आणि वकीलबाईंच्या मते कायद्यात ती नशा धरत नाहीत.

वकीलबाई म्हणजे ॲड. दिपाली लोंढे, बारामती. मी बोलते आहे, त्या लिहीत आहेत. जे बोलेन ते सगळे लिहायचे असे आमचे ठरले आहे. मधूनमधून त्या पेन थांबवतात आणि म्हणतात, "आजी, हे मृत्युपत्रात नसतं." माझे मरण, माझे पत्र, तेव्हा काय असते ते मी ठरवीन असे मी त्यांना सांगितले आहे.

हे आजच लिहिण्याचे कारण असे. येत्या बुधवारी पुण्यात माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजी करू नका, पण हे सांगताना ते माझ्याकडे न बघता फायलीकडे बघत होते. त्याआधी रविवारी आमच्या चर्चच्या मंडळीच्या पंचांची सभा आहे, आणि त्या सभेत आमची बाहेरची वाटणी कायमची बंद करण्याचा ठराव येणार आहे. हे मृत्युपत्र त्या ठरावाच्या आधी सही होऊन तयार पाहिजे. बाहेरची वाटणी काय ते पुढे येईल. एवढे मात्र आत्ताच सांगते की ती बंद पडली तर ऑपरेशन नीट होऊनही मला बरे वाटणार नाही.

कलम १. माझे माणूस.

माझे यजमान शांतवन वालचंदनगरला कारखान्यात फिटर होते. जन्म गेला क्वार्टरमध्ये. निवृत्त झाल्यावर इंदापुरात ही जागा घेतली आणि घर बांधले. ते जगातले कोणतेही यंत्र दुरुस्त करीत, फक्त घरचा नळ सोडून. ते देवाघरी गेले तरी तो गळतो आहे. मूलबाळ झाले नाही. याबाबत ज्यांनी ज्यांनी मला अनाहूत सल्ले दिले, त्यांपैकी कोणालाही या मृत्युपत्रात काही ठेवलेले नाही.

जवळचा म्हणावा असा एक भाचा आहे, ऋषिराज, माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. बारामतीला कंपनीत आहे, स्वतःचा फ्लॅट आहे, दर रविवारी येतो, जेवतो आणि ताट स्वतः घासतो. त्याचा एकच दोष आहे, तो फार सभ्य आहे. त्या सभ्यपणामुळे काय झाले ते कलम ४ मध्ये आहे.

कलम २. बाहेरची वाटणी.

आमची मंडळी लहान आहे. सगळी जमली तरी दोन टमटममध्ये बसते. विजयसिंह पुढे बसला तर तीन लागतात. विजयसिंह गायकवाड हा आमच्या पंचांचा सेक्रेटरी. त्याच्याविषयी पुढे बरेच आहे.

पिके घरात आली की आम्ही हंगामाचा सण करतो. ज्याच्या रानात, परड्यात, खुराड्यात जे असेल ते चर्चमध्ये आणायचे. ज्वारी, अंडी, उसाची मोळी, एखादा कोंबडा. उपासना झाली की अंगणात लिलाव. आमच्याकडे असा रिवाज आहे की लिलावात घेतलेली वस्तू घरी न्यायची नसते. पैसे द्यायचे आणि वस्तू परत देवाला द्यायची, मग तिचाच पुन्हा लिलाव. एकच भोपळा सकाळपासून सगळ्या आळीचा होतो आणि संध्याकाळी पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, कढईत जातो. नवीन माणसाला हे कळत नाही. काटेवाडीचे एक जावई एकदा सण बघायला आले होते. त्यांनी कोंबडा बोलीत घेतला आणि सरळ मोटारसायकलला बांधून घरी नेला. त्या कोंबड्यावर अजून बऱ्याच लोकांची बोली व्हायची होती. त्यांच्या सासरच्यांशी आम्ही पुढे कितीतरी दिवस नीट बोललो नाही.

असे जे जमते त्याचे दोन भाग. अर्धे आपल्या तालुक्यात खर्च करायचे आणि अर्धे समुद्रापलीकडे धाडायचे. तालुक्याच्या भागातून ऊसतोडीच्या कोप्यांवरच्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांतल्या, लेकरांना गोधड्या आणि दूध जाते. डोळ्यांचे शिबिरही त्यातूनच झाले. तिथे विजयसिंह व्यवस्था बघायला गेला होता आणि मोतीबिंदू त्यालाच निघाला.

समुद्रापलीकडच्या भागाला आम्ही बाहेरची वाटणी म्हणतो. बहात्तरच्या दुष्काळात बाहेरून गहू आणि दुधाची भुकटी आली होती. मी तेव्हा नवी नवरी. त्या भुकटीचा चहा हमखास फाटायचा, पण त्यावर इथली लेकरे जगली हे खरे. पुढे पाटाला पाणी आले, लोकांना नोकऱ्या लागल्या. तेव्हा स्त्री मंडळाच्या बैठकीत एक बाई म्हणाली, "आपुन नुसतं घ्यायचंच का? आता धाडायचं बी शिकू." तेव्हापासून आम्ही धाडतो. कधी आफ्रिकेतल्या एका शाळेला बाके गेली, कधी वादळ झालेल्या एका बेटावर पत्रे गेले.

ती बाई मी नव्हते. ती गोजरबाई होती. हे वकीलबाईंनी मला दोनदा विचारून मग लिहिले आहे.

कलम ३. गोजरबाई.

गोजरबाई याकोब साळवे ही माझी मैत्रीण नाही. आम्ही दोघी गुरुवारी चर्चच्या व्हरांड्यात बसून गोधड्या शिवतो, एवढेच. तिचा टाका लांब आणि वाकडा असतो. मी म्हणते, टाका असा पाहिजे की बोट फिरवले तर लागू नये. ती म्हणते, "अगं अलिशे, पांघरणाऱ्याचे डोळे मिटल्यालं असत्यात. त्याला टाका कशाला दिसतुय?" यावर आमचे वाद झाले, अबोला झाला, मिटला, परत झाला. सुई मात्र कोणी खाली ठेवली नाही.

ती लेकाच्या घरी राहते. लेक चांगला आहे, सूनही वाईट नाही, पण जागा थोडी आणि माणसे फार. रात्री सगळ्यांची टीव्हीवरची मालिका संपली की मग तिची वळकटी पसरायला मिळते. तिने याची तक्रार कधी केलेली नाही. मी स्वतः बघितले आहे.

कलम ४. परदेशी चुकलेला निरोप.

पूर्वी आमच्या भागात एक मिशनरी डॉक्टर होते, स्कॉटलंडचे. त्यांची नात मिस जीन काही वर्षांपूर्वी आजोबांचे गाव बघायला इंदापूरला आली. जेवताना बोलता बोलता तिने सांगितले की ज्या चर्चने तिच्या आजोबांना इकडे पाठवले, तिथे आता मूठभर म्हातारी माणसे उरली आहेत. चर्च तापवण्याचा खर्च झेपत नाही, म्हणून ती कोट घालून कुडकुडत प्रार्थना करतात. हे ऐकून माझा घास हातातच राहिला. ज्यांनी आपल्याला दिले ती माणसे थंडीत बसली आहेत आणि आपण इथे पंख्याखाली बसून त्यांच्यासाठी नुसती प्रार्थना करतो!

त्या वर्षीची बाहेरची वाटणी आम्ही गोधड्यांवर घातली. बायकांनी जुनी लुगडी आणली, पुरुषांनी पार्सलाच्या खर्चासाठी भोपळ्यावर बोली लावली. गोधड्या गेल्या.

गेल्या नाताळात पाळकसाहेबांनी चर्चमध्ये पडदा लावून त्यांची आणि आमची फोनवर गाठ घालून दिली. ती माणसे दिसली. सगळी कोटात, हातमोज्यांत, नाके लाल, बोलताना तोंडातून वाफ. आणि त्यांच्या मागे भिंतीवर आमच्या गोधड्या! ताणून, खिळे ठोकून बसवलेल्या. प्रत्येकीवर छोटा दिवा. मधोमध, मानाच्या जागी, गोजरबाईची गोधडी. माझी दाराजवळ, छत्र्या ठेवायच्या बादलीच्या वर.

दाराजवळचे मी मनाला लावून घेतलेले नाही. तरी ते लिहून राहावे.

मी उठून पडद्याजवळ गेले आणि मोठ्याने म्हणाले, "अवो, भिंतीला थंडी वाजत न्हाय! काढा त्या खाली आन् अंगावर घ्या!" ऋषिराज इंग्रजी करायला शेजारी उभा होता. त्याने माझ्या वाक्याचे बेताचे इंग्रजी केले. ते ऐकून सगळे म्हातारे टाळ्या वाजवू लागले. मला वाटले, समजले. मग आमचे आणखी एक पार्सल गेले. पुढच्या वेळी बघते तर त्याही गोधड्या भिंतीवर आणि दिवे वाढलेले.

"ऋषिराज, तू नक्की काय सांगितलं हुतंस रं?"

"आत्या, परक्या लोकांना असं तोडून कसं बोलायचं? मी म्हणालो, आमच्या आत्याला भिंतीवरच्या गोधड्या बघून फार आनंद झाला."

मग मे महिन्यात मी शब्दांचा नाद सोडला आणि करूनच दाखवायचे ठरवले. फोन लागला. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद केला. मी जाड गोधडी डोक्यापासून पायापर्यंत पांघरली, बाकावर आडवी झाले आणि सुखाने झोपल्याचे सोंग केले, घोरूनसुद्धा दाखवले. इंदापूरचा मे महिना. आत माझा रस्सा झाला. बाहेर एकदम शांतता पसरली म्हणून तोंड काढून बघितले, तर स्कॉटलंडची सगळी मंडळी माना खाली घालून, डोळे मिटून माझ्या प्रकृतीसाठी प्रार्थना करीत होती. दुसऱ्या दिवशी मिस जीनने फोन करून विचारले की आजींचा ताप उतरला का.

शेवटी काम झाले ते गोजरबाईमुळे. पावसाळ्यात पुन्हा फोन लागला. तिने कोणाला काही न विचारता पुढच्या बाकावरचे एक तान्हे लेकरू उचलले, ते किरकिरत होते. त्याला गोधडीत गुंडाळले, छातीशी धरले आणि थोपटत राहिली. लेकरू झोपले. पडद्यावरच्या एका म्हातारीने ते बघितले. तिकडे पावसाळा नसतो, पण दगडी चर्चमध्ये भर उन्हाळ्यातही गारठा असतो म्हणे. ती म्हातारी काठी टेकत उठली, मधली गोधडी दोन्ही हातांनी ओढून खिळ्यांसकट भिंतीवरून काढली आणि शेजारच्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर टाकली. त्याने ती हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि डोळे मिटले. मग सगळेच उठले. तेव्हा मी रडले. तेव्हा चष्मा पुसतेय असे दाखवले होते, आज खरे सांगते.

कलम ५. विजयसिंहाची कमान.

इतके सगळे डोळ्यांनी बघून विजयसिंह काय म्हणाला, तर "गोऱ्यांना कसलं दान करताय? त्यांच्याकडं पौंड हायेत. आपल्या चर्चला साधी कमान न्हाय." त्याने कमानीचा नकाशा करून आणला आहे. दोन खांब, वर रंगीत दिवे, आणि दिव्यांच्या खाली पंचांची नावे. सगळ्यांत वर सेक्रेटरीचे. बाहेरची वाटणी बंद केली की दोन हंगामांत कमान उभी राहते, असा त्याचा हिशेब आहे. माणूस चोर नाही. पै इकडची तिकडे करणार नाही. पण त्याला दिसेल असे काहीतरी पाहिजे, आणि अंगावर घेतलेली ऊब दिसत नाही.

रविवारच्या सभेत त्याच्याविरुद्ध बोलणारे कोणी नाही. पाळकसाहेब नवीन आहेत आणि शिवाय नगरला प्रशिक्षणाला गेले आहेत. बायकांना पंचांत मत नाही. म्हणून हे पुढचे कलम.

कलम ६. घर.

माझे राहते घर, पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर, न्हाणी व गळका नळ, यांच्या चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस शेजारी सोपानराव यांची भिंत, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस बोळ, आणि उत्तरेस अशी मोकळी जागा की जिचा मालक कोण यावर अजून दोन घरांत भांडण चालू आहे. हे घर मी आमच्या मंडळीला देते, पण एका अटीवर. हंगामाच्या लिलावाचे अर्धे तालुक्यात आणि अर्धे समुद्रापलीकडे, ही वाटणी जशी चालू आहे तशी चालली पाहिजे. ज्या दिवशी ती बंद होईल, कमी होईल, किंवा तिला कमानीचे पाय फुटतील, त्या दिवशी हे घर ऋषिराजचे. त्याने ते विकावे, पाडावे, काही करावे, मंडळीने हू की चू करू नये.

पुढची खोली गोधड्या शिवण्यासाठी. माझे पायमशीन, कात्र्या आणि सुयांचा डबा त्याच खोलीत राहील. गुरुवारी जी बाई येईल तिला चहा मिळाला पाहिजे, मग ती चर्चची असो वा नसो.

मागची खोली गोजरबाईला तिच्या हयातीपर्यंत राहायला. तिने इथे राहून शिवणाचे काम बघावे. हे मी प्रेमाने करीत नाही. देखरेखीला माणूस लागते म्हणून करते.

कलम ७. किरकोळ.

ऋषिराजला शांतवनचे सगळे पाने, पक्कड आणि पेटी. नट कोणत्या बाजूला फिरवतात हे त्याने आधी शिकून घ्यावे आणि मग नळाला हात लावावा. माझा मोबाईलही त्याला, पण यापुढे कोणाचे म्हणणे इंग्रजीत सांगायचे झाले तर ते आहे तसे सांगायचे, गोड करायचे नाही.

अंगणातला शेवगा सोपानरावांना. त्याच्या अर्ध्या शेंगा एरवीही त्यांच्याच बाजूला पडतात आणि उरलेल्या अर्ध्या का पडत नाहीत हे ते रोज काठीने विचारतात.

विजयसिंहाला माझे मांडवाचे दोन बांबू आणि लाल कनात. त्यातून एका तासात कमान उभी राहते, आणि पाऊस आला तर उतरवता येते.

बँकेतले जे असेल त्यातून आधी ऑपरेशनचा खर्च, मग गरज पडलीच तर मातीचा. पेटी साधी करावी. माझ्याबरोबर गोधडी ठेवू नये. मला तिथे लागणार नाही, वर कोणालातरी लागेल. भाषण एकच व्हावे आणि ते विजयसिंहाने करू नये. उरलेल्या पैशाचे अर्धे इकडे, अर्धे तिकडे. स्टीलची भांडी गुरुवारी शिवण शिकायला येणाऱ्या मुलींनी भांडण न करता वाटून घ्यावीत. भांडण झालेच तर मोठे पातेले लिलावात घालावे.

ॲड. दिपाली यांना काही नाही. त्यांची फी दिली आहे.

कलम ८. साक्षीदारांची अडचण.

इथपर्यंत लिहून झाल्यावर वकीलबाईंनी विचारले की साक्षीदार कोण. दोन लागतात. एक त्या स्वतः होतील. दुसऱ्यासाठी मी सोपानरावांना हाक मारली. ते आले, चष्मा लावला, सही करायला बसले, आणि वकीलबाई म्हणाल्या की थांबा. आम्हां ख्रिस्ती लोकांच्या मृत्युपत्राला असा कायदा आहे की ज्याने साक्षीदार म्हणून सही केली, त्याला त्याच मृत्युपत्रातून ठेवलेले मिळत नाही. सही केली की त्याचा वाटा रद्द.

सोपानरावांनी पेन खाली ठेवले. "म्हंजी शेवगा जाणार?"

"जाणार."

"वहिनी, तुमच्यासाठी जीव मागा. शेवगा सोडत न्हाय." आणि ते घरी गेले.

आता मी विचार करू लागले तर लक्षात आले की या आळीत जो जो भरवशाचा आहे त्याला मी काही ना काही ठेवून बसले आहे. गुरुवारच्या मुलींना भांडी, ऋषिराजला पाने. ज्यांना काही ठेवले नाही ते सल्ला देणारे, आणि त्यांच्या हातात मी पेन देणार नाही. दूधवाल्याला विचारले. "कोर्टात यावं लागंल का?" एवढे विचारून तो माप न घालताच गेला. गॅसवाला म्हणाला की तो फक्त डिलिव्हरीची सही घेतो. वकीलबाईंना अंधार पडायच्या आत बारामती गाठायची होती आणि उद्या-परवा त्यांच्या घरी लग्न आहे. म्हणजे आज सही झाली नाही तर रविवार हातचा गेला.

अशा वेळी विजयसिंह आला. त्याला सोपानरावांनी सांगितले असणार. त्याने सगळे वाचून घेतले. बांबूंचे कलम वाचताना त्याला राग आला नाही, उलट हसला, ही गोष्ट त्याच्या बाजूने लिहून ठेवते. मग म्हणाला, "अलिशिबाबाई, मला बांबू नकोत. मी करतो सही, आत्ता. फक्त कलम सहामधली अट तेवढी काढा. घर द्या मंडळीला, नाव तुमचं लावू. कमानीवर तुमचं नाव सगळ्यांत वर घालतो, माझ्याबी वर."

खोटे कशाला बोलू, माझे नाव दिव्यांत कसे दिसेल ते क्षणभर माझ्या डोळ्यांसमोर आले. हिरव्या दिव्यांत बरे दिसले असते.

मी म्हणाले, "विजयसिंह, तुजा मोतीबिंदू काढला तवा पैसं कुणी दिलं?"

"मंडळीनं."

"तवा कुणी म्हणलं का, याच्या डोळ्यापरास कमान बरी?"

त्याने कागद खाली ठेवला. पण सही करीना आणि उठूनही जाईना. छाती भरून आली म्हणून मी जरा आडवी झाले. वकीलबाईंनी पेनाला टोपण लावले. ते टोपण लावल्याचा आवाज मला डॉक्टरांच्या सगळ्या रिपोर्टांपेक्षा वाईट वाटला.

कलम ९. गोजरबाई येते.

गोजरबाई भाकरी आणि मेथीची भाजी घेऊन आली. ऑपरेशन होईपर्यंत मला तिखट चालत नाही म्हणून तिने बिनतिखटाची भाजी केली होती, आणि ती अत्यंत बेचव होती. सगळ्यांची तोंडे बघून तिने विचारले, काय झाले. वकीलबाईंनी सांगितले. मागच्या खोलीचेही सांगितले. ते मला सांगायचे नव्हते, मी मेल्यावर कळायचे होते.

ती डबा हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "मला खोली ठेवलीया? अलिशेनं?"

"हो. आणि सही केलीत तर ती मिळणार नाही," वकीलबाई म्हणाल्या. "नीट विचार करा मावशी. हयातीपर्यंतचा हक्क आहे. असा परत कोणी देणार नाही."

ती डबा ठेवून मागच्या खोलीत गेली. आम्ही सगळे ऐकत होतो. खिडकी उघडल्याचा आवाज आला. मग लावल्याचा. परत आली आणि खाटेच्या कडेला बसली.

"खोली चांगली हाय," ती म्हणाली. "वारं येतं. द्या पेन."

मी म्हणाले, "गोजरे, येड्यावानी करू नगंस. दुसरं कुणीतरी मिळंल."

"कवा मिळंल? सोमवारी? तवर ह्याची कमान हुईल." विजयसिंहाकडे तिने बघितलेसुद्धा नाही. "मी आजवर टीव्हीखाली झोपलीया, पुढंबी झोपंन. पन कोपीवरल्या पोरास्नी आन् त्या तिकडल्या म्हाताऱ्यास्नी भुई गार लागती. तू मेलीस तर त्यांचं कोन बघनार? मी येकटी भांडाय पुरी न्हाय गं पडणार. हे कागदानं भांडू दे."

विजयसिंह उठला. पायात चपला घातल्या, मग काढल्या आणि परत आत आला. म्हणाला, रविवारी ठराव मी मांडत नाही. त्याने खरोखर मांडला नाही तर त्याला बांबूंबरोबर माझी सतरंजीही द्यावी.

सबब कलम ६ मधील मागच्या खोलीचा परिच्छेद कायद्याने रद्द होतो, हे मला समजले आहे आणि तो मी रद्द धरते. या मृत्युपत्राने गोजरबाईला काहीही मिळत नाही. एक सुईसुद्धा नाही.

कलम १०. जे मेल्यावर देता येत नाही ते.

मेल्यावर मी गोजरबाईला खोली देऊ शकत नाही. पण मी अजून मेलेली नाही. आणि जिवंत बाईने आपल्या घरात कोणाला ठेवून घ्यावे याला साक्षीदार लागत नाहीत, हे मी वकीलबाईंना विचारून खात्री करून घेतले आहे. त्यांनी डोळे पुसत सांगितले की लागत नाहीत.

म्हणून गोजरबाई आज रात्रीपासून मागच्या खोलीत राहायला येत आहे. तिचा लेक वळकटी आणि ट्रंक आणायला गेला आहे. तिने एक अट घातली आहे, मी तिचे टाके मोजायचे नाहीत. मी एक अट घातली आहे, उद्यापासून भाजीत मीठ तरी घालायचे. माझ्यामागे मंडळी घराची मालक झाल्यावर तिला कोणी ऊठ म्हणेल का, याची तजवीज कायद्यात नाही. ज्याला म्हणायची हिंमत असेल त्याने तिच्या तोंडासमोर म्हणून बघावे.

वकीलबाई म्हणतात की हे कलम मृत्युपत्रात कोणत्याही प्रकारे बसत नाही. तरी त्यांनी ते लिहिले आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. आज सकाळी हे लिहायला बसले तेव्हा मरायला माझी फारशी हरकत नव्हती. आता आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी याची नोंद घ्यावी.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत मी खाली सही करीत आहे.

ठिकाण: इंदापूर
तारीख: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

सही: अलिशिबा शांतवन उजागरे

साक्षीदार १: ॲड. दिपाली समाधान लोंढे
राहणार: बारामती

साक्षीदार २: गोजरबाई याकोब साळवे
राहणार: ह्याच घरात